दोन विमानांमधली रात्र

मुंबईच्या सहार विमानतळावर आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा जोर मध्यरात्रीनंतर चढतो. युरोप आणि आखाताकडची कितीतरी विमानं रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात सुटतात. या लोकांना दिवसा उडायला काय होतं, असं दर वेळी कुणीतरी वैतागून विचारतंच. त्याचं उत्तर मुंबईत नाही, प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आहे. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद असतात. २०११च्या ऑक्टोबरात तिथली नवी धावपट्टी सुरू होताना ही बंदी आली आणि २०१२मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती कायम केली. लंडनच्या हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळासाठी वर्षाला फक्त ५,८०० विमानांचा कोटा आहे. झ्युरिकही रात्री बंद होतं. तिथं सकाळी उतरायचं तर इथून मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं. विमानतळाशेजारी राहणाऱ्या युरोपीय लोकांची झोप कायद्यानं जपली जाते आणि तिची भरपाई आपल्या झोपेतून होते.

दुबई, दोहाची तऱ्हा निराळी. तिथं रात्रीची बंदी नाही. विमानांच्या लाटा आखलेल्या असतात. भारतातून आणि पूर्वेकडून आलेली विमानं एका सुमारास उतरतात आणि दोन-तीन तासांत युरोप-अमेरिकेकडची सुटतात. लाट जुळली तर प्रवास सुरेख होतो. ती चुकली, किंवा तिकीट स्वस्त पडतं म्हणून पुढच्या लाटेचं घेतलं, की आठ-दहा तास जमिनीवर काढावे लागतात, आणि तेही बहुधा रात्रीचे. याच रात्रीबद्दल मला लिहायचं आहे. विमानात आडवं होता येईल अशी जागा मिळावी म्हणून माणूस काही लाख रुपये मोजतो आणि जमिनीवरची रात्रही त्या पैशांत आलीच असं धरून चालतो. बऱ्याचदा ती आलेली नसते.

बिझनेस क्लास म्हटलं की कंपनीच्या खर्चानं फिरणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्रातून जाणारे या वर्गाचे प्रवासी मात्र सगळे तसे नसतात. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात स्थिरावलेली मुलं नातवंडाच्या जन्माला आईवडिलांना बोलावतात आणि बाबांचे गुडघे, आईची पाठ लक्षात घेऊन वरच्या वर्गाचं तिकीट काढून देतात. त्यांच्यासाठी हे तिकीट चैनीचं नसतं, प्रकृतीची गरज म्हणून काढलेलं असतं. सत्तरी ओलांडलेल्या या जोडप्याला परक्या विमानतळावर रात्री दोन वाजता काय मिळतं, यावरून या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा व्हावी असं मला वाटतं.

आधी लाउंजकडे पाहू. विमान कंपनीचं पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सनं १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उघडलं. अ‍ॅडमिरल्स क्लब हे त्याचं नाव. तिथं पैसे भरून जाता येत नसे; कंपनी ज्यांना मान द्यायची त्यांनाच बोलावणं असे. विकत मिळणारं सदस्यत्व नंतर आलं. पुढचा मोठा बदल कंपन्यांच्या आघाड्यांनी घडवला. १९९७मध्ये स्टार अलायन्स, १९९९मध्ये वनवर्ल्ड आणि २०००मध्ये स्कायटीम स्थापन झाली आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या लाउंजचं दार उघडू लागलं. एअर इंडिया २०१४च्या जुलैत स्टार अलायन्समध्ये गेली. तेव्हापासून तिच्या बिझनेस क्लासचा प्रवासी फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या किंवा सिंगापूरला सिंगापूर एअरलाइन्सच्या लाउंजमध्ये हक्कानं जाऊन बसू शकतो.

या दाराला दुसरी किल्ली बसली ती कार्डांची. १९९२मध्ये ब्रिटनमध्ये प्रायॉरिटी पास सुरू झाला. तिकीट कुठल्याही वर्गाचं असो, सदस्याला लाउंज मिळेल, ही त्यामागची कल्पना. बँकांनी ती उचलली आणि क्रेडिट कार्डाला जोडली. भारतात तिनं धुमाकूळ घातला. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, कुठलंही बऱ्यापैकी कार्ड घासायचं, दोन रुपये कापले जायचे आणि आत इडली-वडा, पोहे, कॉफी मिळायची. लाउंजला प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली रक्कम मधल्या कंपनीमार्फत बँकेकडून मिळे. त्यामुळे प्रवाशाला फुकट वाटणारी ती थाळी बँकेला चांगलीच महाग पडत होती. रांगा दाराबाहेर यायला लागल्या तसा बँकांनी हात आखडता घेतला. एचडीएफसी बँकेच्या रेगालिया कार्डावर डिसेंबर २०२३पासून तिमाहीत एक लाखाचा खर्च केला तरच देशातलं लाउंज मिळू लागलं. आयसीआयसीआय बँकेनं अनेक कार्डांसाठी एप्रिल २०२४मध्ये तिमाही ३५,००० रुपयांची अट घातली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती ७५,०००वर नेली. या मध्यस्थ व्यवसायातली मोठी कंपनी ड्रीमफोक्स. ती २०२२मध्ये शेअर बाजारात आली आणि २०२५च्या सप्टेंबरात तिला देशांतर्गत लाउंजसेवाच थांबवावी लागली. एखादी सोय इतक्या झपाट्यानं पसरून इतक्या झपाट्यानं आखडल्याची उदाहरणं थोडीच असतील.

अमेरिकेतही हेच घडलं. डेल्टानं २०२३च्या सप्टेंबरात आपल्या लाउंजवर कडक मर्यादा जाहीर केल्या, प्रवासी खवळले, आणि महिन्याभरात कंपनीला त्या सौम्य कराव्या लागल्या. पण मर्यादा आल्याच. गर्दीतून वाट काढण्यासाठी कंपन्यांनी लाउंजमध्येच वरचा मजला चढवला. युनायटेडनं २०१६च्या डिसेंबरात शिकागोला पहिलं पोलारिस लाउंज उघडलं, डेल्टानं २०२४च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेवर डेल्टा वन लाउंज. लांबच्या प्रवासाचं वरच्या वर्गाचं तिकीट असेल तरच तिथं प्रवेश, कार्डाचा उपयोग नाही. उलट बाजूनं दुसरा बदल झाला, आणि आपल्या प्रवाशांना त्याचाच फटका जास्त बसतो. एमिरेट्सनं २०१९मध्ये आणि कतार एअरवेजनं २०२०मध्ये बिझनेस क्लासची स्वस्त भाडी आणली. खुर्ची तीच, जेवण तेच, पण त्या भाड्यातून लाउंज वगळलेलं. संकेतस्थळावर भाडं बघताना हा फरक बारीक अक्षरांत असतो आणि तिकीट काढणारा मुलगा घाईत असतो. प्रीमियम इकॉनॉमी नावातच प्रीमियम असली तरी तिच्यात लाउंज सहसा नसतंच, हेही इथंच सांगून टाकतो.

आता रात्रीचा प्रश्न. लाउंज बांधली गेली ती दोन-तीन तासांसाठी. कार्डावरच्या बहुतेक लाउंजमध्ये तीन तासांची मर्यादा असते. अमेरिकन एक्स्प्रेसच्या सेंच्युरियन लाउंजमध्ये तिथूनच प्रवास सुरू करणाऱ्याला उड्डाणाच्या तीन तासांहून आधी आत घेत नाहीत. विमान कंपन्यांच्या लाउंजमध्ये तासांची मोजणी इतकी कडक नसली तरी तारखेची असते. स्टार अलायन्सचा नियम असा, की पुढचं विमान त्याच दिवसाचं किंवा उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतलं हवं. वनवर्ल्ड सहापर्यंत सवलत देतं. रात्री दहाला उतरलात आणि पुढचं विमान सकाळी नऊचं असेल, तर ही मर्यादा उलटून जाते. दारावरचा कर्मचारी समजूतदार असेल तर निभावतं, पण तो हक्क राहत नाही.

त्यातही लाउंज रात्री उघडं असायला हवं. सिंगापूरचं चांगी, दुबई, दोहा इथं ती चोवीस तास चालतात, कारण विमानतळच झोपत नाही. फ्रँकफर्टला लुफ्तान्सानं २००४मध्ये पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारत उभारली. आत न्हाणीघर, झोपायच्या खोल्या, उत्तम जेवण, आणि थेट विमानाच्या शिडीपर्यंत सोडणारी आलिशान मोटार. जगात वाखाणलं गेलेलं हे ठिकाण रात्री मात्र बंद असतं. धावपट्टीच बंद असेल तर इमारत उघडी ठेवून करायचं काय? म्हणजे त्याच विमानतळावर मध्यरात्री अडकलेल्या माणसाला त्या पलंगाचा उपयोग शून्य. अशी सोय डोळे दिपवते, पण ती रात्रीच्या प्रवाशासाठी बांधलेलीच नाही.

रात्रीच्या प्रवाशाच्या गरजा थोड्या असतात. पाठ टेकायला पलंग, आंघोळीला गरम पाणी, बंद करता येईल असं दार, आणि वेळेवर उठवणारं कुणीतरी. दोहाचं अल मुर्जान लाउंज २०१४मध्ये नव्या हमद विमानतळाबरोबर आलं. सुमारे दहा हजार चौरस मीटरचा त्याचा पसारा आहे, मधे पाण्याचा मोठा तलाव, आणि शांत खोल्यांमध्ये मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या. पण आडवं होण्यासाठी बंद दाराची खोली हवी असेल तर ती पहिल्या वर्गाच्या अल सफवा लाउंजमध्ये, किंवा पैसे देऊन त्याच टर्मिनलातल्या ओरिक्स हॉटेलात. दुबईत २०१३मध्ये कॉन्कोर्स ए उघडलं तेव्हा बिझनेस आणि पहिल्या वर्गाला एकेक पूर्ण मजला मिळाला. लाउंजमधून थेट विमानात चढता येतं, ही त्याची खरी खुबी. दुखऱ्या गुडघ्यांना झुंबरापेक्षा ते वाचलेलं चालणं मोलाचं.

आता हॉटेलचा मुद्दा. हॉटेल द्यायचं की नाही, हे तिकिटाच्या किमतीवर ठरत असेल असं वाटतं. बहुतांशी ते भूगोलावर ठरतं. ज्या कंपनीचा धंदाच दोन खंडांमधले प्रवासी आपल्या शहरात उतरवून पुढे नेण्याचा आहे, तिला रात्रीचा थांबा सुसह्य करावाच लागतो. नाहीतर प्रवासी थेट विमान घेईल. म्हणून एमिरेट्सची दुबई कनेक्ट योजना आहे. तिच्यात हॉटेल, जेवण, ने-आण आणि लागल्यास व्हिसाही मिळतो. मात्र पुढचं उपलब्ध असलेलं लवकरातलं लवकर विमान तुम्ही घेतलेलं हवं. पाच तासांची जोडणी उपलब्ध असताना स्वस्त म्हणून चौदा तासांची निवडलीत तर हॉटेल नाही. ते आधीच मागून ठेवावं लागतं. विमानतळावर उतरून मागू म्हणणाऱ्याच्या पदरी निराशा येते. कतार एअरवेजही लांब थांब्यासाठी, जवळची जोडणी नसेल तर, अशी सोय देते. इथिओपियन एअरलाइन्स अदिस अबाबाला आठ ते चोवीस तासांच्या थांब्यात प्रवाशाची हॉटेलात व्यवस्था करते. मुंबईहून आफ्रिकेत कामाला जाणारे कितीतरी इंजिनिअर आणि व्यापारी याच वाटेनं जातात.

टर्किश एअरलाइन्सनं तर थांब्याचीच जाहिरात केली. सहा ते चोवीस तासांचा थांबा असेल तर इस्तंबूलची मोफत सहल मिळते. ठरावीक देशांतून येणाऱ्यांनी मुक्काम लांबवला तर इकॉनॉमीला एक रात्र आणि बिझनेसला दोन रात्री हॉटेल. एतिहाद अबू धाबीत असाच मुक्काम देऊ करते. यामागे पर्यटन वाढवू पाहणारी सरकारं आहेत, आणि त्यात काही वावगं नाही. युरोपातल्या जुन्या कंपन्यांकडे मात्र वेळापत्रकातल्या थांब्यासाठी अशी सर्वसाधारण योजना नसते. सिंगापूर एअरलाइन्सचं नाव सेवेसाठी घेतलं जातं, पण चांगीवर रात्र काढायची तर ट्रान्झिट हॉटेलचे पैसे आपणच भरायचे. हॉटेलाच्या या हिशेबात तिकिटाचा वर्ग शेवटी येतो. आधी पाहावं लागतं की कंपनी कुणाची, शहर कुठलं आणि थांबा लांबवला कुणी.

आणि या सगळ्याच्या वर पासपोर्ट. भारतीय पासपोर्टावर हा प्रश्न फार टोचतो. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो असं तिकीट आहे, मधे फ्रँकफर्टला रात्र आहे. आईवडिलांकडे अमेरिकेचा व्हिसा असल्यानं विमान बदलायला अडचण नाही. पण त्या व्हिसावर जर्मनीत पाऊल टाकता येत नाही. शेंगेन व्हिसा नसेल तर विमानतळाच्या दारातलं हॉटेल त्यांना हजार मैल दूर. आतलं ट्रान्झिट हॉटेल आधीच घेतलेलं नसेल तर वरच्या वर्गाचं तिकीट खिशात ठेवून दोघं बाकावर बसून राहतात. हीथ्रोवर रात्री थांबायचं म्हणजे बहुधा इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं; तिथं फक्त विमानतळापुरता असलेला ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही, सूट लागू नसेल तर बाहेर पडू देणारा ४८ तासांचा वेगळा लागतो. अमेरिकेत तर इमिग्रेशनबाहेर राहून विमान बदलण्याची सोयच नाही. मेक्सिकोला जाताना नुसतं ह्यूस्टनला उतरायचं असलं तरी व्हिसा हवा.

आखात आणि सिंगापूर इथं जास्त माणुसकीनं वागतात. चालू अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला संयुक्त अरब अमिरातीत उतरल्यावर व्हिसा मिळू शकतो. शिवाय तिथल्या कंपनीमार्फत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विनाशुल्क आणि ९६ तासांचा ५० दिरहमांत आधी काढता येतो. सिंगापूर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांचा व्हिसा असलेल्यांना पुढच्या प्रवासाच्या वाटेवर अटींसह ९६ तास व्हिसाशिवाय राहू देतं. आईवडिलांना अमेरिकेला न्यायचं असेल आणि मधे रात्र टळत नसेल, तर फ्रँकफर्टपेक्षा दुबई बरी, हे मी ठामपणे म्हणतो. खुर्ची कुणाची जास्त रुंद, हा प्रश्न त्यानंतरचा.

घराजवळची परिस्थितीही तपासायला हवी. नागपूरकर आणि गोवेकर काही बाबतींत पुणेकरांपेक्षा सुखी आहेत. नागपूरहून आणि गोव्यातल्या मोपाहून कतार एअरवेजचं विमान थेट दोहाला जातं, म्हणजे मुंबईत उतरून टर्मिनल बदलण्याचा त्रास वाचतो. पुण्याला २००८मध्ये असं सुख मिळालं होतं. लुफ्तान्सानं चाकण-पिंपरीतल्या उद्योगांच्या भरवशावर पुणे–फ्रँकफर्ट विमान सुरू केलं, तेही सुरुवातीला केवळ बिझनेस क्लासचं. ते पुढे बंद पडलं आणि पुणेकर पुन्हा संध्याकाळी एक्स्प्रेसवेला लागला. मुंबईत देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर आणि परदेशीचं सहारला असेल तर सामान घेऊन रस्त्यानं जावं लागतं. त्यात २०२५च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. एक विमान तिथं आणि दुसरं सहारला अशी जोडणी कुणी स्वस्तात देऊ केली, तर ज्येष्ठांसाठी ती घेऊ नये. परदेशातून येताना सामान साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर उचलून कस्टममधून न्यावं लागतं, हेही मनात धरावं. सहारच्या टर्मिनल २ मध्ये निरांता नावाचं ट्रान्झिट हॉटेल आहे. पहाटे उतरून सकाळचं औरंगाबाद किंवा नागपूरचं विमान पकडणाऱ्यानं लाउंजमागे धावण्यापेक्षा तिथं काही तासांची खोली घ्यावी.

रात्र वेळापत्रकातली नसून विमान रखडल्यामुळे ओढवलेली असेल, तर चित्र पालटतं, आणि इथं कायदा तिकिटाचा वर्ग बघत नाही. युरोपीय संघाच्या २००४च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि जेवण कंपनीनं द्यायचं. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार २४ तासांहून जास्त उशीर झाला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलचा हक्क मिळतो. मात्र पुढचं तिकीट त्याच आरक्षणात हवं. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवले आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही.

व्हीलचेअर घेणाऱ्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. मोठ्या विमानतळांवर व्हीलचेअरच्या प्रवाशांना एका ठरलेल्या जागी आणून बसवतात आणि पुढच्या विमानाच्या वेळेला न्यायला येतात. लाउंजचा हक्क असलेले आजी-आजोबा तासन्‌तास तिथंच बसून राहतात, कारण लाउंजला सोडा असं कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यांना भाषेचा संकोच असतो. मुलांनी एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लाउंजचं नाव, हॉटेलच्या आरक्षणाचा क्रमांक आणि पुढच्या विमानाची वेळ लिहून पासपोर्टात ठेवावी. इन्सुलिन असेल तर ते थंड कुठं ठेवायचं हे लाउंजमध्ये विचारायलाही त्यावर एक ओळ लिहावी.

कंपन्यांकडून मला एकच अपेक्षा आहे आणि ती अवघड नाही. खुर्ची किती इंच रुंद आणि किती अंशात कलते हे तिकीट विकताना दाखवतात. तिथंच, पैसे भरण्याआधी, या थांब्यात लाउंज कितीपासून कितीपर्यंत उघडं आहे, या भाड्यात ते आहे की नाही, हॉटेल मिळणार का, आणि या पासपोर्टावर विमानतळाबाहेर पडता येईल का, या चार ओळी दाखवाव्यात. ही सगळी माहिती कंपनीकडे आधीच असते. महासंचालनालयानं उशिराच्या रात्रीसाठी नियम केला आहे. वेळापत्रकातच लिहिलेल्या रात्रीबद्दल एवढं सांगणं बंधनकारक करायला हरकत नसावी. तोवर तिकीट काढणाऱ्यानं फोन करून हे चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तर ईमेलवर लिहून मागावं.